जमा आधी, नावे नंतर



लहान मुलांचा वाढदिवस जैन घरात कसा करावा, हा विषय आपल्या महिला मंडळात दर दोन-तीन महिन्यांनी निघतोच. काय करू नये याची यादी तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अंड्याचा केक नको. मेणबत्ती फुंकायची नाही, कारण त्यात अग्निकाय आणि वायुकाय दोन्ही जिवांची विराधना. बटाटा-कांदा नको, दही आणि डाळीचं द्विदल नको, आणि सूर्यास्तानंतर जेवण तर नाहीच नाही. एवढी यादी ऐकल्यावर पोर कमरेवर हात ठेवून विचारतं, "मग करायचं काय?" त्या प्रश्नाला आपल्याकडे पटकन उत्तर नसतं. आमच्या घरचं उत्तर मी आज सांगणार आहे. ते काही शास्त्रात लिहिलेलं नाही, आमच्या ह्यांनी काढलेलं आहे. यंदा ते पुढे चालवायचं की नाही, असा प्रश्न घरात उभा राहिला, म्हणून लिहायला बसले.

आधी एक लक्षात घ्या, जन्मदिवस साजरा करणं आपल्या धर्माला परकं नाही. चैत्र शुद्ध त्रयोदशीला आपण भगवंतांचा पाळणा हलवतोच की. वर्धमान, वीर, अतिवीर, महावीर, सन्मती ही पाच नावं आपण लहानपणापासून म्हणतो, पण त्यातल्या बहुतेक नावांमागे बाळपणाची गोष्ट आहे. गर्भात आल्यापासून राज्याची भरभराट झाली म्हणून वर्धमान. संजय आणि विजय या मुनींची शंका बाळाला नुसतं पाहून फिटली म्हणून सन्मती. झाडावर खेळताना सापाच्या रूपात आलेल्या संगम देवाला घाबरले नाहीत म्हणून महावीर. श्वेतांबर भगिनी कल्पसूत्रात ऐकतात की आईला त्रास नको म्हणून बाळ गर्भात निश्चल राहिलं, त्रिशला माता घाबरली, तेव्हा ते जरासं हललं. मला तर ही आई आणि लेकराची पहिली लपाछपीच वाटते. सांगायचं एवढंच की मुलाच्या एकेका कृतीवरून प्रेमाने नाव पाडणं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

आमच्या नातीचं असं नाव म्हणजे "मालकीणबाई". तिचे आबा, म्हणजे आमचे हे, इथल्या एका राइस मिलमध्ये चाळीस वर्षं मुनीम होते. गोंदियात राहणाऱ्यांना सांगायला नको की आपल्याकडे ऋतू तीन नसून दोनच असतात, धान येण्याच्या आधीचा आणि धान आल्यानंतरचा. मुलगा-सूनबाई पुण्याला असतात. नातीचा वाढदिवस डिसेंबरात, ऐन नव्या धानाच्या दिवसांत. दरवर्षी ते सगळे महाराष्ट्र एक्स्प्रेसने येतात. दोन वर्षांची असताना ती मिलमध्ये धानाच्या कट्ट्यावर चढून बसली आणि खाली उतरेना. आबा हात जोडून म्हणाले, "मालकीणबाई, हमाल खोळंबलेत, उतरता का?" तेव्हापासून ते नाव पडलं.

तिचा वाढदिवस तिथीने करायचा की तारखेने, यावर पहिली काही वर्षं चर्चा व्हायची. आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म १० ऑक्टोबर १९४६चा, पण आपण तो शरद पौर्णिमेलाच साजरा करतो. ह्यांनी हिशेब मांडून दाखवला की चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, मध्ये अधिक महिना येतो, आणि तिथी-तारीख पुन्हा जुळायला साधारण १९ वर्षं लागतात. नात म्हणाली, "मग तोपर्यंत दोन्ही करा." आबा म्हणाले, "चालेल. पण वर्षाला दोन वाढदिवस म्हणजे वयही दुपटीने वाढणार. मग पुढच्या वर्षी एकदम पाचवीत बसावं लागेल." ती तारखेवर समाधानी झाली.

वाढदिवसाचा आमचा क्रम असा. सकाळी मंदिरात अभिषेक आणि शांतिधारा. नंतर मिलच्या वजनकाट्यावर मालकीणबाईंचं वजन. जेवढं वजन भरेल तेवढा तांदूळ मिलमध्ये काम करणाऱ्या रेजांच्या घरी द्यायचा. वजन करताना आबा अगदी गंभीर चेहऱ्याने मालाची तपासणी करायचे. सरकारी धान खरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के असते. न्हाऊन आलेल्या पोरीचे केस हुंगून ते म्हणायचे, "ओलावा सतराच्या वर आहे. हा माल घेता येणार नाही. उन्हात पसरा." मग ती खरोखर अंगणात हातपाय पसरून पडायची. गेल्या वाढदिवसाला तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. कच्च्या तांदळात तुकडा २५ टक्क्यांपर्यंत चालतो. आबांनी दात मोजले आणि जाहीर केलं, "तुकडा मर्यादेत आहे. माल पास."

एकदा तिला गणितात १०० पैकी ६८ गुण मिळाले होते. सूनबाईंचा चेहरा उतरलेला, पोरगी रडवेली. आबांनी प्रगतिपुस्तक हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "क्विंटलभर धानाला ६७ किलो तांदूळ निघाला की सरकार खूश असतं. आपला उतारा ६८ आहे. गिरणी उत्तम चालली आहे." सूनबाईंनाच आधी हसू फुटलं. मग तिघांनी बसून चुकलेली गणितं पुन्हा सोडवली. हसल्यामुळे गुण वाढले नाहीत, पण गणिताची वही त्या सुट्टीत पुन्हा उघडली गेली.

आता मुख्य गोष्ट, वही. नात एक वर्षाची झाली तेव्हा ह्यांनी दिवाळीच्या वह्यांबरोबर एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही जास्तीची आणली. तिच्यात नातीचं खातं, माझं खातं, त्यांचं स्वतःचं, मुलाचं, सूनबाईंचं, ताईंचं, असं प्रत्येकाचं खातं. वाढदिवसाला दुपारी सगळ्यांनी गोल बसायचं आणि प्रत्येकाच्या खात्यात वर्षातली एक नोंद जमेला, एक नोंद नावे. जमेला त्याने केलेलं काहीतरी चांगलं. नावे म्हणजे त्याची झालेली फजिती.

मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. आमच्या पुस्तकात डेबिट डावीकडे. जुन्या देशी नाम्यात पानाला सळ पाडतात, आठ सळ असतील तर डावीकडचे चार जमेचे आणि उजवीकडचे चार नावेचे. लग्न झाल्या वर्षी यावरून आमचं पहिलं भांडण झालं होतं. ते हसून म्हणाले होते, "तुमच्या कॉलेजात माणसाच्या डोक्यावर आधी देणं लिहितात. आम्ही आधी जमा लिहितो." वहीतही तसंच. जमेची नोंद झाल्याशिवाय नावे लिहायची नाही. म्हणजे कुणाची थट्टा करायची असेल तर आधी त्याचं चांगलं काहीतरी आठवावं लागतं.

त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर चार नियम लिहून ठेवले आहेत. नोंद खरी हवी. ज्याच्या नावे लिहायचं तो समोर हवा आणि त्याने खाली सही केली पाहिजे, सही नाही तर नोंद रद्द. जो हजर नाही त्याच्यावर काही लिहायचं नाही. आणि चौथा, रंग, उंची, जाडी, आवाज, चालणं यावर काही लिहायचं नाही, कारण शरीर नामकर्माने मिळालेलं आहे आणि तो हिशेब आपल्या वहीचा नाही. मी विचारलं, "मग दातांचं काय?" तर म्हणाले, "जे परत येणार आहे त्यावर हसायला हरकत नाही."

चौथा नियम नंतर लिहिला गेला आहे, शाई वेगळी दिसते. नात तीन वर्षांची असताना पाहुण्यांपैकी एकाने तिच्या सावळ्या रंगावर विनोद केला. चारचौघं हसले. पोरीला शब्द कळले नसतील, पण आपल्याकडे बघून हसताहेत हे कळलं, आणि ती सूनबाईंच्या पदराआड गेली. ह्यांनी कुणाला काही सुनावलं नाही. उठून वही आणली, नियम लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. त्या पाहुण्यांनी पुन्हा आमच्या घरी तसला विनोद केला नाही.

स्वाध्यायाला येणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, अहो पण हास्य तर नोकषाय आहे. खरंच आहे. चारित्रमोहनीयाच्या पंचवीस भेदांत सोळा कषाय आणि नऊ नोकषाय, आणि त्या नवांत पहिलंच नाव हास्याचं. सत्यव्रताच्या पाच भावनांमध्येही हास्याचा त्याग सांगितला आहे, कारण हसवण्याच्या भरात माणूस खोटं बोलून जातो. अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत अचकट-विचकट थट्टा आणि वायफळ बडबड आहेच. म्हणून तर वहीचा पहिला नियम नोंद खरी हवी हा. आपण गृहस्थ आहोत. हसू आपल्याला सुटणार नाही, पण ते कुणाच्या जिवावर हसायचं आणि कुणाच्या सोबत, एवढं तर आपल्या हातात आहे.

त्याच यादीत आणखी एक नाव आहे, शोक. हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा. या सहांचा उदय आठव्या गुणस्थानाच्या शेवटी एकत्रच संपतो. ही गोष्ट मी स्वाध्यायात कितीदा ऐकली होती, पण तिचा अर्थ यंदा लागला. ज्या घरात शोक आहे त्या घरात हास्यही असणारच. एकाला दार उघडं आणि दुसऱ्याला बंद, असं नसतं.

माघात हे गेले. फार दिवस अंथरुणावर नव्हते. णमोकार ऐकत गेले, एवढं समाधान आहे. त्यानंतर नात उन्हाळ्यात आली तेव्हा घरभर शांतपणे फिरत होती. आबांच्या खुर्चीवर बसत नव्हती, मिलकडे चल म्हटलं तर नको म्हणायची. बोलायची, खायची, अभ्यास करायची, पण तिची ती खोडकर नजर गेली होती. सूनबाई फोनवर म्हणाल्या, "आई, ती शाळेतही कुणाशी मस्करी करत नाही. बाई विचारत होत्या."

डिसेंबर जवळ आला. आमच्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना मी ताई म्हणते, त्या म्हणाल्या, "अगं, वर्षसुद्धा झालं नाही. यंदा राहू दे ना ते वाढदिवसाचं. लोक काय म्हणतील?" त्यांचा एकुलता भाऊ गेला होता. त्यांचं दुःख माझ्यापेक्षा लहान नव्हतं, म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "ताई, सुतकाचे दिवस संपले की मंदिरात अभिषेक-पूजा सुरू होते. वर्षभर गोडधोड नको ही लोकरीत आहे. इष्टाचा वियोग झाला म्हणून त्याचंच चिंतन करत राहणं याला तर आपल्याकडे आर्तध्यान म्हणतात. दिवाळीला भगवंत निर्वाणाला गेले, तर आपण लाडू चढवतो. हे मोक्षाला गेले असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या धर्मात जाण्याच्या दिवशीही लाडू आहे, त्या धर्मातल्या मुलीला आठव्या वाढदिवसाला वाटीभर खीर मिळू नये का?" ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "खीर चिन्नोरची कर. त्याला आवडायची."

आठवा वाढदिवस आपल्याकडे साधा नसतो हे तुम्हाला माहीतच आहे. आठ वर्षं पूर्ण झाली की माणसाचं मूल सम्यक्त्वाला, व्रताला पात्र होतं. म्हणून सकाळी अभिषेकानंतर तिला अष्टमूलगुण द्यायचे ठरले होते. मद्य, मांस, मधाचा त्याग आणि पाच उदुंबर फळांचा त्याग. मी तिला फळं समजावून सांगितली, वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, वडाची फळं कोण खातं?"

"पाखरं खातात."

"मी तर कधीच खाल्ली नाहीत."

"नाही."

"मग मी सोडते आहे काय? असं असेल तर मी कारलंही सोडते."

सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. मी कसंबसं हसू आवरून सांगितलं, की त्या फळांमध्ये बारीक जीव असतात, ते नकळतही आपल्या पोटात जाऊ नयेत म्हणून आधीच दार लावून घ्यायचं. आणि आवडीचं काही सोडलं तर तो खरा नियम. तिने विचार करून पुढच्या वाढदिवसापर्यंत दर चतुर्दशीला चॉकलेट सोडलं. कारल्याची गोष्ट तिथेच राहिली.

जेवण वेळेत आटपायचं होतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि पुण्यात जवळजवळ अर्धा तास उशिरा. सूनबाई नवीन असताना पुण्याच्या हिशेबाने पाहुण्यांना साडेपाचला बोलावून बसल्या होत्या. तेव्हा हे म्हणाले होते, "पुण्याचा सूर्य ओव्हरटाइम करतो. आपला पहिल्या पाळीबरोबर घरी जातो." ती नोंद सूनबाईंच्या नावे वहीत आहे, सहीसकट. यंदा त्यांनीच चारच्या ठोक्याला ताटं मांडली. कच्च्या केळ्याचे वडे, पाटवडी, पोहे आणि चिन्नोरची खीर.

जेवणं झाली आणि कुणीच वहीचं नाव काढेना. शेवटी नातच कपाटातून ती घेऊन आली. प्रत्येकाच्या नोंदी झाल्या. आबांचं पान आलं तशी सगळी थांबली. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा हजर नाहीत. नियमाप्रमाणे लिहिता येणार नाही."

नात म्हणाली, "मग आबांवर आता कधीच हसायचं नाही?"

तिचा आवाज असा होता की ताईंनी मान फिरवली. मी वही माझ्याकडे ओढली आणि म्हटलं, "नवीन नोंद करता येणार नाही हे खरं. पण खातं थांबलं की जुन्या नोंदी खोट्या होत नाहीत. आबांनी ज्याच्याखाली स्वतः सही केली आहे, ते वाचायला कुणाची हरकत? वाच तू."

तिने आधी जमेचं वाचलं, नियम म्हणून. मग नावे. "नातीशी लपाछपी खेळताना कणीच्या कट्ट्यांमागे लपलो आणि झोप लागली. पाऊण तासाने हमालाने उठवलं. राज्य अजून माझ्यावरच आहे, असं नात म्हणते." दुसरी, "चतुर्दशीच्या उपवासाला ध्यानाला बसलो. चित्त एकाग्र झालं. डोळ्यांपुढे अनारसा आला." तिसरीला पोहोचेपर्यंत तिला हसू आवरेना, अक्षरं अडखळायला लागली. मुलगा हसत होता आणि डोळेही पुसत होता. ताई म्हणाल्या, "थांबा, माझ्या खात्यावर एक लिहा. माझ्यावरचंच आहे, मी सही करते. लहानपणी मी याला घाबरवायला म्हणून अंधारात कोठीत लपले आणि तिथे माझीच मला भीती वाटली. यानेच मला हात धरून बाहेर आणलं." नोंद झाली. ताईंची सही थरथरलेली आहे, पण आहे.

त्यांच्या पानाखाली मी शिल्लक काढली. जमेच्या नोंदी सात, नावेच्याही सात. शून्य शिल्लक असायला हवी होती, पण नातीने तिच्या वळणदार अक्षरात एक ओळ जमेला वाढवली, "आबांनी माल पास केला." मी ती एकची शिल्लक तिच्या खात्यात पुढे नेली. नामाशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे की नाही यावर कुणी वाद घालू नये, मी बी.कॉम. आहे.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून मिलकडे गेली. वजन २३ किलो ४०० ग्रॅम भरलं. नव्या मुनीमजींना तिने विचारलं, "ओलावा नाही बघणार?"

तुमच्यापैकी कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर फार तयारी लागत नाही. साधी वही चालेल. सळ पाडता येत नसतील तर पानाच्या मधोमध रेघ मारा. नोंदी थोड्या ठेवा, माणशी दोन पुरेत. मुलाची सही येत नसेल तर अंगठा घ्या, पण विचारल्याशिवाय नोंद करू नका. घरातल्या मोठ्यांनी आपल्या नावेच्या नोंदी आधी सांगाव्यात, म्हणजे लहानांना धीर येतो. आणि डावीकडे जमा.